बेडूक वाढवणारे जादूगार

बायबलमधला मला सर्वांत विनोदी वाटणारा प्रसंग 'निर्गम'च्या आठव्या अध्यायात आहे. मिसर देशावर बेडकांची पीडा येते. नाईलमधून बेडूक वर चढतात. घरांत, अंथरुणांत, भट्ट्यांत, कणीक मळायच्या परातींत शिरतात. मोशे आणि अहरोनच्या देवाने हे घडवलंय. आता फारोच्या दरबारातल्या जादूगारांची पाळी. आपली विद्या कमी नाही हे दाखवायला तेही आपल्या गुप्त कलेने बेडूक आणतात. म्हणजे आधीच बेडकांनी भरलेल्या देशात आणखी बेडूक.

मजकूर पुढे एक शब्दही जास्त बोलत नाही. फारो आपल्या जादूगारांना 'हे घालवा' असं म्हणतच नाही, थेट मोशेला बोलावतो. यांच्याकडे वाढवायची कळ आहे, कमी करायची नाही, हे त्याला कळलेलं असावं. मोशे विचारतो, कधी घालवू? फारो म्हणतो, उद्या. या 'उद्या'वर भाष्यकारांनी बरंच लिहिलं आहे. मला तो मुजोर साहेबाचा हुबेहूब उद्गार वाटतो: गरज आत्ता आहे, पण ती आत्ता आहे असं दिसता कामा नये, म्हणून आणखी एक रात्र बेडकांबरोबर झोपू.

त्याआधी काठ्यांचे साप करून झालेत आणि पाण्याचं रक्तही. जादूगारांनी दोन्ही करून दाखवलं. (सगळ्या पाण्याचं रक्त झालं असेल तर यांना प्रयोगाला पाणी कुठून मिळालं, ही जुनी शंका आहे. लोकांनी नदीच्या काठाने खड्डे खणले असं मजकूर सांगतो, तेव्हा तिथून आणलं असेल. तहानलेल्या देशातलं उरलंसुरलं स्वच्छ पाणी घेऊन त्याचंही रक्त करायचं, हे त्यांच्या बेडकांशी सुसंगतच आहे.) पुढची पीडा चिलटांची किंवा उवांची, भाषांतरांत एकमत नाही. तिथे त्यांची विद्या अडते, आणि ते फारोला सांगतात की यात देवाचं बोट आहे. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवावा, तो परत येणार आहे.

'निर्गम'मध्ये सैतानाचं नाव कुठेही नाही. तिथे फक्त गुप्त विद्या आहे. जादूगारांमागे दुरात्मे उभे केले ते नंतरच्या परंपरेने, विशेषतः ख्रिस्ती भाष्यकारांनी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथात या जादूगारांवर बरीच पानं खर्च केली आहेत. त्याचं म्हणणं असं की सृष्टीच्या तत्त्वांमध्ये न दिसणारी बीजं पेरलेली आहेत, आणि दुरात्म्यांना ती आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. ते ती लवकर उगवून आणतात, एवढंच. शेतकऱ्याला आपण पिकाचा निर्माता म्हणत नाही, तसंच त्यांनाही म्हणू नये. ही उपमा मला फार आवडते, कारण तिच्यात दुरात्म्याचा चमत्कार अनैसर्गिक राहतच नाही. तो जास्त जाणकार असलेल्याने निसर्गाचा केलेला वापर ठरतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेच काटेकोर केलं: सगळ्या सृष्टीच्या सामर्थ्यापलीकडचं ते खरं चमत्काराचं काम, आणि ते फक्त देवाचं, दुरात्मे करतात ते माणसाच्या सामर्थ्यापलीकडचं, म्हणून आपल्याला चकित करणारं.

कागदावर हा भेद स्वच्छ आहे. पण समोर काठीचा साप झाला असताना उभ्या माणसाने तो कसा ओळखायचा? त्याला साप दिसतो. सृष्टीच्या सामर्थ्याची हद्द दिसत नाही.

पवित्रशास्त्राला ही अडचण माहीत आहे, आणि माझ्या मते त्यातली दुरात्म्यांच्या अद्भुतांची सगळी प्रकरणं याच अडचणीभोवती फिरतात. आकाशातून पडणारा अग्नी घ्या. 'राजे'च्या पहिल्या पुस्तकात कर्मेल डोंगरावर एलीया आणि बआलचे संदेष्टे यांची स्पर्धा होते. अट साधी: ज्याचा देव अग्नीने उत्तर देईल तो खरा. बआल गप्प राहतो, एलीयाच्या वेदीवर अग्नी पडतो, निकाल लागतो. इतका स्पष्ट प्रयोग बायबलमध्ये दुसरा नाही. आता 'ईयोब' उघडा. पहिल्याच अध्यायात एक नोकर धावत येऊन सांगतो की देवाचा अग्नी आकाशातून पडला आणि मेंढरं आणि गडी जळून गेले. वाचकाला माहीत आहे की ही करणी सैतानाची आहे, देवाच्या परवानगीने. नोकराला माहीत नाही. त्याने जे पाहिलं त्याला तो देवाचं नाव देतो, आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला दुसरं नाव देता येणारच नव्हतं. 'लूक'मध्ये याकोब आणि योहान एका शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागतात, कारण गावाने त्यांना थारा दिला नाही. येशू त्यांनाच दटावतो. आणि शेवटी 'प्रकटीकरणा'च्या तेराव्या अध्यायात दुसरं श्वापद येतं. त्याला कोकरासारखी दोन शिंगं आहेत, बोलणं अजगरासारखं, आणि ते लोकांदेखत आकाशातून अग्नी उतरवतं.

म्हणजे ज्या चिन्हाने कर्मेलवर खऱ्या देवाचा निकाल लावला, तेच चिन्ह शेवटच्या पुस्तकात शत्रूच्या हातात आहे. शब्दही तोच. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या कृत्यांना जो ग्रीक शब्द आहे, 'सेमेइऑन', तोच श्वापदाच्या कृत्यांना आहे, आणि मराठी बायबल दोन्हीकडे प्रामाणिकपणे 'चिन्हे'च म्हणतं. एखाद्या ग्रंथाने आपला सर्वांत जोरकस पुरावा स्वतःच मागे घ्यावा, हे मला धर्मग्रंथांत क्वचित आढळणारं धाडस वाटतं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर उत्तर बरोबर आलं म्हणून ते कुणी पाठवलं हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळी ओळखखूण लागते, आणि इथे ग्रंथच सांगतोय की चिन्ह ही ती खूण नाही.

'अनुवादा'चा तेरावा अध्याय हे आधीच बोलून गेला होता, तेही कायद्याच्या कोरड्या भाषेत. एखाद्या संदेष्ट्याने चिन्ह सांगितलं, ते खरंही ठरलं, पण तो दुसऱ्या देवांमागे चला म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. चिन्ह खोटं होतं, हातचलाखी होती असा बचावही कायदा घेत नाही. आमच्याकडचा विवेकवादी वाचक 'हे खरंच घडलं का?' इथून सुरुवात करतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. सामोसाताच्या लुकियानने दुसऱ्या शतकात एका बोलणाऱ्या नागदेवतेचं बिंग असंच फोडलं होतं: क्रौंच पक्ष्यांच्या श्वासनलिका जोडून केलेली नळी, आणि पलीकडून बोलणारा माणूस. 'प्रकटीकरणा'तलं श्वापदही मूर्तीला बोलायला लावतं. पण 'प्रकटीकरण' नळी शोधत नाही. मूर्ती खरोखर बोलली तरी काय, असा त्याचा रोख आहे. चित्राला बोलतं करणं हे आज माझ्या व्यवसायात एका दुपारचं काम आहे, आणि त्यामुळे दोघांपैकी मला सध्या लुकियान कमी उपयोगी वाटतो. नळी कशी बनते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मूर्तीपुढची गर्दी हटत नाही.

चिन्ह पुरावा नाही हे मान्य केलं की मात्र ते स्वतःच्या माणसालाही लागू होतं. येशूवर तोच आरोप झाला: हा बालजबूलाच्या मदतीने भुतं काढतो. (मराठी बायबलमधला 'भूत' हा शब्द वाचकाला थोडा चकवतो. आपलं भूत मेलेल्या माणसाचं असतं. शुभवर्तमानांतल्या या जिवांना मरण ठाऊक नाही, आणि पिंपळही लागत नाही.) येशूचं पहिलं उत्तर प्रसिद्ध आहे: सैतान सैतानाला काढू लागला तर त्याचं राज्य टिकेल कसं? तर्क म्हणून हे मला लंगडं वाटतं. कुठलाही चतुर सेनापती मोठ्या विजयासाठी एखादं ठाणं सोडून देतो. दुसरं उत्तर कितीतरी पक्कं आहे: मग तुमचे लोक कुणाच्या मदतीने काढतात? म्हणजे माप एकच ठेवा. आणि लूकच्या आवृत्तीत लगेच पुढे येशू आपलं सामर्थ्य ज्या शब्दांत सांगतो ते शब्द आहेत देवाचं बोट. मत्तयने तिथे आत्मा म्हटलं आहे. लूक मात्र मिसरी जादूगारांच्या पराभवाच्या वेळचा शब्दप्रयोग येशूच्या तोंडी देतो. हरलेल्या स्पर्धकाची कबुली इथे विजेत्याची ओळख झाली आहे.

पण हे पटायला आधी पटलेलं असावं लागतं. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात केल्सस या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती मतावर हल्ला चढवला, तो नेमका इथेच. येशू मिसरमध्ये मजुरी करताना जादू शिकला, असं तो म्हणतो. त्याहून टोचणारा त्याचा दुसरा मुद्दा: तुमच्याच गुरूने बजावलंय की दुष्ट लोकही अशीच कृत्यं करतील, मग त्याच कृत्यांवरून एकाला देव आणि दुसऱ्याला मांत्रिक का म्हणायचं? केल्ससचं पुस्तक हरवलं. आपल्याला ते कळतं ते तिसऱ्या शतकात ऑरिजेनने त्याचं खंडन करताना भरभरून उद्धृत केलं म्हणून. ऑरिजेनचं उत्तर असं की करणाऱ्याचं आचरण पाहा, त्याच्यामागे जाणाऱ्यांची आयुष्यं सुधारली का ते पाहा. उत्तर सभ्य आहे, पण त्याला वेळ लागतो. कर्मेलवरच्या गर्दीला तो मिळाला नसता.

आणि वेळ नसलेल्यांनी या शिकवणीचं काय केलं तेही याच समीक्षेत यायला हवं. चिन्ह चांगलं असूनही मागे सैतान असू शकतो, हे वाक्य न्यायाधीशाच्या हातात पडलं की भयंकर होतं. 1608 साली छापलेल्या जादूटोण्यावरच्या ग्रंथात इंग्लंडचा विल्यम पर्किन्स म्हणतो की अपाय करणाऱ्या चेटकिणीपेक्षा बरं करणारी अधिक घातक, आणि मरणाला अधिक पात्र. कारण पहिलीपासून लोक पळतात, दुसरीकडे जातात. त्याचा तर्क 'अनुवादा'च्या तेराव्या अध्यायाशी तंतोतंत जुळतो. ताप उतरला, मूल वाचलं, हा बचाव होऊ शकत नाही. उलट तोच आरोप. म्हणून 'अनुवादा'च्या त्या अध्यायाचं मी वर केलेलं कौतुक अर्धंच आहे. तिथे निष्ठा ही एकच कसोटी उरते, आणि निष्ठा कुणी तपासायची हे ज्याच्या हाती दंड असेल तो ठरवतो. त्याच अध्यायात पुढे भाऊ, मुलगा, बायको यांनाही सोडू नका असं आहे.

मला या सगळ्यांत लूकची कसोटी जास्त विश्वासाची वाटते, आणि ती त्याने सिद्धान्त म्हणून कुठे मांडलेली नाही. 'प्रेषितांची कृत्ये' वाचताना जाणवतं की तिथे जादूबरोबर वारंवार हिशोब येतो. शोमरोनातला शिमोन प्रेषितांपुढे पैसे ठेवतो, हे सामर्थ्य मलाही विका म्हणून. इफिसात जादूची पुस्तकं जाळली तेव्हा कुणीतरी किंमत मोजली, 50,000 रुपेरी नाणी. अद्भुत खरं की खोटं, देवाचं की दुसऱ्याचं, हे विचारण्याआधी लूक विचारतो की याच्यावर कुणाचं पोट, किंवा कुणाची तिजोरी, चालते.

सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरात एक दासी आहे. तिच्यात भविष्य सांगणारा आत्मा आहे. ग्रीकमध्ये त्याला 'पायथन' म्हटलंय, डेल्फीच्या सर्पावरून. तिच्या भविष्यकथनावर तिचे धनी भरपूर कमावतात. ती पौल आणि सीला यांच्यामागे पुष्कळ दिवस ओरडत फिरते की हे परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगतात. ती ओरडते ते लूकच्या दृष्टीने अक्षरशः खरं आहे. दुरात्म्याच्या तोंडून संपूर्ण सत्य. पौल शेवटी वैतागतो (मजकुरात करुणेचा शब्द नाही, वैतागाचाच आहे) आणि आत्म्याला निघायला सांगतो. आत्मा निघून गेला, आणि पुढच्याच वाक्यात धन्यांच्या कमाईची आशा निघून गेली. दोन्हीकडे लूक एकच ग्रीक क्रियापद वापरतो. या क्रियापदात त्याने जे सांगितलंय ते पर्किन्सच्या अख्ख्या ग्रंथात नाही.

पुढचं धन्यांचं आणि पौलाचं आहे: चौकात ओढणं, फटके, तुरुंग, मध्यरात्रीचा भूकंप, दारं उघडणं, तुरुंगाच्या नायकाचा कुटुंबासह बाप्तिस्मा. त्याच अध्यायात जांभळं कापड विकणारी लुदिया आहे, तिला नाव आहे, घर आहे. दासीला नाव नाही. आदल्या दिवसापर्यंत ती धन्यांना पैसा मिळवून देत होती, आता देत नाही, आणि ती अजून त्यांचीच आहे. सुटल्यावर पौल आणि सीला लुदियाच्या घरी जातात, बंधुजनांना भेटून धीर देतात आणि शहर सोडतात. तिच्याकडे कुणी गेल्याचं लूक लिहीत नाही.