कारागिराची परिभाषा आणि रसिकाची परिभाषा

मिंग काळातील चिनी लाकडी सामानाचा विचार वांग शिशियांग (१९१४–२००९) यांचे लेखन वगळून करता येत नाही. त्यांनी जमविलेल्या ७९ वस्तू आज शांघायच्या संग्रहालयात आहेत. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्यांहून मोलाचा वाटावा असा आहे तो त्यांच्या १९८९ च्या ग्रंथातील परिभाषासंग्रह. जुन्या राजवटीचे कारागिरीविषयक नियमग्रंथ आणि पेकिंगमध्ये जुने सामान दुरुस्त करणाऱ्या सुतारांचे बोलणे, अशा दोन्ही आधारांवर तो उभा आहे.

या संग्रहाची योग्यता एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लाकडाची फळी दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आक्रसते. म्हणून चिनी सुतार चौकटीच्या आतील अंगास खाच पाडून फळी तीत मोकळी बसवितो आणि चौकटीचे कोपरे तिरपे कापून कुसू आतल्या आत दडवितो. फळीस हलावयास जागा असल्यामुळे ती तडकत नाही. ही युक्ती डोळ्यांस दिसत नाही, ती नावात राहते. कारण या रचनेचे चिनी नावच कडा जुळवणे, खाच पाडणे, फळी बसवणे अशा तीन क्रियांचे आहे. येथे संज्ञा म्हणजेच कृतीचा पाठ होय.

मात्र गुणदोषांच्या विवेचनात वांग यांची भाषा पालटते. त्यांनी या सामानाचे सोळा गुण व आठ दोष सांगितले आहेत. साधेपणा, भारदस्तपणा, सौकुमार्य हे सारे शब्द रसिक पंडितांच्या बैठकीतले आहेत; आणि दोषांच्या यादीत अखेरीस येते ती ग्राम्यता. संस्कृत काव्यशास्त्रातील ग्राम्यत्व-दोषाचे येथे सहज स्मरण होते. ज्या सुतारांच्या शब्दांवर ग्रंथ उभा राहिला, त्यांच्याच बोलीचा गुणधर्म सौंदर्यविचारात दोष ठरावा, ही या थोर ग्रंथकाराच्या विचारातील विसंगती होय. सांधा नीट बसला की नाही, हा सुताराचा निकष या सोळा गुणांत स्वतंत्रपणे कोठेच येत नाही.

या विसंगतीचा बोध मराठीसही घेण्यासारखा आहे. वाड्याच्या खांबांवरील नक्षीचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ होते. तिफणीच्या दिंडीत फण बसविणाऱ्या सुताराच्या शब्दांकडे लक्ष क्वचितच जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने (१९१५) बलुतेदारांना ग्रंथात स्थान दिले, हा मोठाच अपवाद. आज बदनापूरसारख्या मराठवाड्यातील गावांतून ट्रॅक्टरची पेरणी आल्यावर दिंड, चाडे, पाचर हे शब्द कामातून निसटू लागले आहेत. ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार शहरातही टिकला आहे. पण तो वापरणाऱ्यास पाचरीने सांधा घट्ट होतो हे ठाऊक नसते, तो तिला केवळ अडथळा समजतो. वांग यांनी सुतारांस विचारले तेव्हा उत्तर देणारे हयात होते. आपल्याकडेही ते अद्याप आहेत. त्यांना विचारण्याचे काम तेवढे व्हावयाचे आहे.