दूरस्थाचे दुसरे लेखन : लिस्बन १७५५ आणि त्यानंतर

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास लिस्बन शहर हादरले. सणाची सकाळ असल्याने चर्चे माणसांनी भरलेली होती. कंपनाचे धक्के काही मिनिटे चालले. त्यानंतर तासाभराच्या आतबाहेर समुद्र तागुस नदीच्या मुखातून शहरावर चालून आला, आणि सणाच्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस धुमसत राहिली. ही वार्ता जिनिव्हाजवळ राहणाऱ्या व्होल्तेरपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. २४ नोव्हेंबरला त्याने ल्यों येथील आपल्या बँकव्यावसायिक मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्या पत्रात मृतांचा आकडा एक लाख आहे. माणसांना वारुळातल्या मुंग्यांची उपमा आहे, आणि लगेच पुढे जिनिव्हाच्या व्यापाऱ्यांची लिस्बनमध्ये बुडालेली संपत्तीही आहे. मृत माणसे आणि बुडालेले भांडवल यांच्यामध्ये त्या पत्रात फार अंतर नाही.

युरोपीय वाङ्मयेतिहासात या पत्राकडे व्होल्तेरच्या प्रसिद्ध कवितेची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. मला मात्र ते कवितेहून अधिक प्रामाणिक वाटते. आपत्तीची बातमी दुरून ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय काय एकाच वेळी जागे होते, याचे ते जवळजवळ अनवधानाने झालेले चित्रण आहे. करुणा आहे, आकड्याची अतिशयोक्ती आहे, हिशेब आहे, आणि आपल्या जुन्या वैचारिक प्रतिपक्षाला आता उत्तर मिळाले असे काहीसे अस्थानी समाधानही आहे. दूरस्थ प्रतिसादाचा विचार करताना ही सरमिसळ दृष्टीआड करता येणार नाही.

डिसेंबरच्या आरंभापर्यंत कविता आकाराला आली आणि १७५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पोप आणि लायब्निट्झ यांच्या नावाने रूढ झालेल्या 'जे आहे ते योग्यच आहे' या सूत्राची परीक्षा हा तिचा घोषित हेतू आहे. तिच्यात व्यापारी उरलेले नाहीत. उरले आहेत ते तत्त्वज्ञ. कवी त्यांना अवशेषांकडे येण्याचे, डोळे उघडून पाहण्याचे आवाहन करतो. हे आवाहन परिणामकारक आहे यात शंका नाही. परंतु आवाहन करणाऱ्याने स्वतः ते अवशेष पाहिलेले नाहीत, ही गोष्ट कविता कोठेही सांगत नाही. भग्न लिस्बन आणि विलासात दंग पॅरिस यांना ती समोरासमोर उभे करते. या दोन शहरांच्या मध्ये, सुरक्षित अंतरावर, लिहिणाऱ्याचे तिसरे ठिकाण आहे, आणि ते नकाशावरून पुसलेले आहे. कवितेच्या शेवटाविषयी व्होल्तेर स्वतःही अस्वस्थ असावा. केवळ शरणागतीने संपणारा मूळ शेवट त्याने बदलला आणि आशेला जागा करून दिली. या बदलामागे श्रद्धावान वाचकांचा धाक किती आणि अंतःप्रेरणा किती, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

१८ ऑगस्ट १७५६ रोजी रूसोने या कवितेला पत्ररूप उत्तर दिले. आज आपत्तिविषयक समाजशास्त्राचा आरंभबिंदू म्हणून ते वारंवार उद्धृत होते. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे निसर्गाने तेथे एकत्र रचून ठेवली नव्हती, हा त्यातील मुद्दा आता सर्वपरिचित आहे. लोक विरळ वस्तीने राहिले असते आणि पहिल्याच धक्क्याला मोकळ्यावर गेले असते तर हानी कितीतरी कमी झाली असती. कपडे, कागदपत्रे, पैसा आणण्यासाठी मागे वळलेले अनेकजण प्राणांस मुकले, असेही तो म्हणतो. आपत्तीमधील मानवनिर्मित भाग ओळखणारी ही दृष्टी खरोखरच मोठी आहे. तथापि लिस्बनमध्ये त्या दिवशी जे घडले त्याच्याशी ती ताडून पाहिली तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. पहिल्या धक्क्यांनंतर अनेकांनी रूसोच्या सल्ल्याप्रमाणेच वर्तन केले होते. कोसळणाऱ्या भिंतींपासून दूर, नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे ते धावले, आणि तेथेच पाण्याने त्यांना गाठले. रूसोच्या युक्तिवादात घरे आहेत, रस्ते आहेत, माणसांचा लोभही आहे. त्यात समुद्र नाही.

दुरून विचार करणाऱ्याच्या लेखनातून पाणी असे निसटते. भूकंप ही कल्पना तर्काला लवकर वश होते. तिच्यातून कारण, दोष, ईश्वर, वास्तुरचना अशा चर्चा सहज सुरू होतात. परंतु वाचलेल्या माणसाला पुन्हा गाठणारी दुसरी आपत्ती त्या चर्चेच्या आकृतिबंधात बसत नाही. याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. बाल्टिक समुद्राकाठच्या क्योनिग्सबर्गमध्ये राहणाऱ्या तरुण इमान्युएल कांटने १७५६ मध्ये या भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखालील पोकळ्यांमध्ये ज्वालाग्राही द्रव्ये पेटतात, नदीला समांतर वसलेल्या शहराला धक्का सर्वाधिक बसतो, अशी त्यातील उपपत्ती आज कोणी मानणार नाही. पण दूरदूरच्या जलाशयांत त्या दिवशी उठलेल्या हालचालींच्या नोंदी त्याने अत्यंत आस्थेने तपासल्या. लिस्बनपासून शेकडो कोस दूर स्कॉटलंडमधील लॉक लोमंड सरोवराचे पाणीही त्या दिवशी हेलकावले होते. आपत्ती आपल्या किनाऱ्यालाही शिवलेली असू शकते, हे अंतराचे वेगळे भान कांटच्या रुक्ष गद्यात आहे. शोकाचा एकही उद्गार न काढता तो पाण्याकडे पाहत राहतो. त्याची उपपत्ती चुकली. नजर चुकली नाही.

आता 'कांदीद'कडे वळू. ही कथा १७५९ ची, म्हणजे कवितेनंतर सुमारे तीन वर्षांनी आलेली. 'कांदीद' हेच आपल्या पत्राचे उत्तर, असे रूसोने पुढे आत्मचरित्रात लिहिले आणि आपण ती वाचलेली नसल्याने तिच्याविषयी बोलू शकत नाही, अशी पुस्तीही जोडली. (न वाचलेल्या पुस्तकाविषयी इतके निश्चित विधान करणारे अभ्यासक आपल्या चर्चासत्रांनाही अपरिचित नाहीत.) माझ्या मते मात्र 'कांदीद' हे रूसोला दिलेले उत्तर असण्यापेक्षा व्होल्तेरने स्वतःच्या कवितेला दिलेले उत्तर आहे.

लिस्बनच्या प्रकरणाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जहाज बंदराजवळ असताना वादळात सापडते आणि कांदीदचा उपकारकर्ता जाक बुडतो. कांदीद त्याच्यामागे उडी घेऊ पाहतो. तत्त्वज्ञ पांग्लॉस त्याला अडवतो आणि ही खाडी जाकने बुडावे याचसाठी घडलेली आहे असे सिद्ध करू लागतो. किनाऱ्याला लागताच धरणी हादरते. समुद्र उसळून बंदरातली जहाजे फोडतो, एवढाच त्याचा उल्लेख आहे. तीस हजार माणसे चिरडली जातात. चार वर्षांपूर्वीच्या पत्रातील एक लाख आता तीस हजारांवर आले आहेत. हा फरक केवळ सुधारलेल्या माहितीचा नसावा. अतिशयोक्तीची गरज संपली होती, असे मला वाटते.

यानंतरचे दृश्य या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. दगडांखाली जखमी पडलेला कांदीद थोडे तेल आणि मद्य मागतो. पांग्लॉस त्याला सांगतो की हा भूकंप काही नवा नाही. अमेरिकेत लिमा शहराला गेल्याच वर्षी असाच धक्का बसला होता, तेव्हा लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखाली गंधकाची एक शीर असली पाहिजे. (लिमाचा मोठा भूकंप वास्तविक १७४६ मधला, आणि त्यावेळी लिमाचे कायाओ बंदर समुद्राने जवळजवळ समूळ नष्ट केले होते. पांग्लॉसला त्यातलेही फक्त गंधक आठवते.) कांदीद ही उपपत्ती शक्य आहे असे मान्य करतो आणि पुन्हा तेल-मद्य मागतो. 'शक्य' या शब्दाने पांग्लॉस दुखावतो. त्याच्या मते ती सिद्धच झालेली आहे. कांदीद बेशुद्ध पडतो, तेव्हा कोठे पांग्लॉस जवळच्या कारंज्यावरून थोडे पाणी आणतो.

कवितेने तत्त्वज्ञांना अवशेषांपाशी बोलावले होते. कथेत तो तत्त्वज्ञ खरोखरच येऊन पोचला आहे, ढिगाऱ्यापासून हातभर अंतरावर उभा आहे, आणि तरीही तो दूरच आहे. कवितेचे गृहीतक असे होते की पाहणे पुरेसे आहे. जो पाहील त्याचे मत बदलेल. तीन वर्षांनी व्होल्तेरने हे गृहीतक मोडीत काढले. दूरत्व हे मैलांत मोजायचे नसून आर्त माणसाची मागणी आणि आपले उत्तर यांमधील विसंगतीत मोजायचे असते, हा बोध विनोदाच्या अंगाने, आणि काही प्रमाणात आत्मनिंदेच्या अंगाने, येथे रूप धारण करतो. पांग्लॉसमध्ये लायब्निट्झचे अनुयायी आहेत हे सर्वजण सांगतात. त्याच्यात १७५५ च्या नोव्हेंबरातला पत्रलेखक व्होल्तेरही थोडासा आहे, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. तोही लिस्बनच्या हाकेला सिद्धान्ताने उत्तर देत होता.

मराठी समीक्षेच्या परंपरेतून आलेल्या अभ्यासकाला या ठिकाणी एक अडचण जाणवेल. 'अनुभवाची प्रामाणिकता' हा निकष आपल्याकडे नवसाहित्याच्या काळापासून रुजला आणि दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव व सहानुभूती यांतील भेदाने त्याला नैतिक धार आली. त्या संदर्भात तो भेद आवश्यक होता आणि आजही आहे. परंतु तोच निकष दूरस्थाच्या आपत्तिलेखनाला यांत्रिकपणे लावला, तर असे सर्व लेखन एका फटक्यात रद्द होते आणि 'कांदीद' व एखादे सवंग शोकगीत यांत फरक करण्याचे साधन हाती उरत नाही. म्हणून मी दुसरा प्रश्न सुचवतो : लेखकाने आपले अंतर संहितेत नोंदवले आहे काय? आणि पहिल्या आवेगात लिहिलेल्या शब्दांकडे तो पुन्हा वळला आहे काय? अंतर लपवणाऱ्या लेखनाची एक खूण सहज ओळखता येते. त्यात आपत्ती फार लवकर रूपक होते. २६ डिसेंबर २००४ नंतर 'त्सुनामी' हा शब्द सामान्य मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला, आणि पाहता पाहता निवडणुकांतील विजयांच्या मथळ्यांत तो आनंदाने वापरला जाऊ लागला. नागपट्टिनम किंवा कार निकोबार येथे तो शब्द असा वापरता आला असता काय, हे विचारण्याजोगे आहे.

दुसऱ्या लेखनाचे अगदी वेगळे उदाहरण जपानमध्ये आढळते. ११ मार्च २०११ रोजी तोहोकु प्रदेशाच्या किनाऱ्यापलीकडे सुमारे ९ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि तिने फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्राची शीतकरणव्यवस्था बंद पाडली. यावेळी वार्तेला तीन आठवडे लागले नाहीत. शेतांवरून सरकणारे काळे पाणी जगाने त्याच क्षणी पडद्यावर पाहिले. काळाचे अंतर संपले. कांदीद आणि पांग्लॉस यांच्यामधले अंतर त्यामुळे कमी झाले असे म्हणता येत नाही. टोकियोच्या लेखिका हिरोमी कावाकामी यांनी त्याच वर्षी केलेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांची 'कामिसामा' ही १९९० च्या दशकातील, त्यांच्या लेखनाच्या प्रारंभकाळातील कथा. शेजारी राहायला आलेले एक सभ्य अस्वल निवेदकाला नदीवर फिरायला नेते, मासा पकडते आणि निरोपाच्या वेळी आलिंगन मागते, इतकाच तिचा आशय. २०११ मध्ये कावाकामी यांनी नवी कथा लिहिली नाही. तीच कथा पुन्हा लिहिली आणि शीर्षकाला फक्त वर्ष जोडले. दोन्ही पाठ एकाच पुस्तकात एकापुढे एक छापलेले आहेत.

मी हे पाठ इंग्रजी अनुवादातून वाचले आहेत. मूळ जपानी शब्दकळेविषयी विधान करण्याचा अधिकार मला नाही. पण बदलांची जागा अनुवादातही स्पष्ट दिसते. सहल तीच, अस्वल तेच, सौजन्यही तेच. फक्त नदीकाठी आता मुले नाहीत, भेटणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक पोशाख आहेत, आणि पकडलेला मासा खाण्यासाठी नाही. अस्वलाचे आलिंगन स्वीकारण्यापूर्वी त्याच्या केसांवर किरणोत्सार किती असेल हा विचार मनाला चाटून जातो. तरी आलिंगन होते. रात्री रोजनिशीत त्या दिवशीच्या मात्रेची नोंद होते. दिवस वाईट नव्हता, हा समारोप दोन्हीकडे कायम आहे आणि दुसऱ्या वाचनात तोच सर्वाधिक अस्वस्थ करतो. घडलेल्या गोष्टीला कथा नाव देत नाही, केवळ 'ती घटना' म्हणते. लेखिका साक्षीदाराचा आव आणत नाही. तिच्याजवळ असलेली एकमेव गोष्ट, म्हणजे स्वतःची जुनी वाक्ये, ती तपासायला बसते आणि त्यांपैकी किती अजून टिकतात ते पाहते. व्होल्तेरला जे करण्यास तीन वर्षे आणि एक विडंबन लागले, ते येथे काही महिन्यांत, आवाज न चढवता झाले आहे. अर्थात या कथेतही समुद्र नाही. नदी आहे, तीही सुरक्षित वाटणारी.

लिस्बनच्या बाबतीत समुद्राची नोंद कोणी केली, हा प्रश्न शिल्लक राहतो. पुढे मार्क्विस दे पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याच्या शासनाने १७५६ च्या आरंभी देशातील सर्व धर्मग्रामांना एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे दगावली, आग लागली काय, असे ते प्रश्न होते. समुद्र आधी चढला की आधी ओसरला, आणि नेहमीपेक्षा किती वीत वर आला, हाही त्यांपैकी एक प्रश्न होता. गावोगावच्या धर्मगुरूंनी दिलेली उत्तरे लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. तौलनिक साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांत व्होल्तेर, रूसो आणि कांट यांच्या शेजारी ती वाचली गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून, वितींच्या मापात दिलेली ती उत्तरे आहेत, आणि प्रत्येक उत्तराखाली ते देणाऱ्या गावाचे नाव आहे.