दुर्मिळ विमान म्हणजे कोणतं?

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांत एक भांडण कायम चालू असतं: पुढचं विमान कोणतं हवं? स्पिटफायर, मेसरश्मिट १०९, झीरो, मस्टँग ही मंडळी ठरलेलीच. त्यांच्याशिवाय दुसरं महायुद्ध उभंच राहत नाही. वाद रंगतो तो त्यानंतरच्या, दुर्मिळ विमानांवरून. तिथे बहुतेकांचा निकष सरळ असतो. जितकी कमी बनली, तितकं विमान भारी. मला हा निकष मुळातच चुकीचा वाटतो.

या निकषाचं टोक पाहायचं तर ‘इल-२ स्टुर्मोविक’ पाहावं. २००१ साली आलेल्या या मालिकेने रशियन आघाडीवरचं हवाई युद्ध फार निगुतीने मांडलं. २००६च्या ‘१९४६’ या आवृत्तीत मात्र ‘युद्ध आणखी लांबलं असतं तर’ अशी कल्पना करून बरीच विमानं आली. त्यातलं एक हाइन्केल कंपनीचं लेर्खे. शेपटीवर उभं राहून सरळ वर झेपावणारं, कड्यासारख्या गोल पंखाचं. खेळात ते उडवता येतं. प्रत्यक्षात ते कधी बनलंच नाही.

फ्लाइट मॉडेल म्हणजे शेवटी आकडे आणि समीकरणं. कोणत्या कोनात किती उचल मिळते, कोणत्या उंचीवर इंजिन किती ताकद देतं, विमान कधी स्टॉल होतं. स्पिटफायरसाठी हे सगळं युद्धकाळातल्या चाचण्यांच्या अहवालांत सापडतं. लेर्खेसाठी सापडते ती फक्त आराखडा काढणाऱ्याची आशा. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे मला हा फरक रोज दिसतो: स्पेसिफिकेशनमधला प्रोग्रॅम कधीच क्रॅश होत नाही. कागदी विमानंही सिम्युलेटरमध्ये कायम जिंकतात ती याच कारणाने. त्यांना कारखान्यातून बाहेर यावंच लागत नाही.

तरी लेर्खेवर माझा राग नाही. आवृत्तीच्या नावातच १९४६ आहे. ही कल्पना आहे हे खेळाडूला आधीच सांगितलेलं आहे. त्याच खेळातलं हाइन्केल १६२ मला जास्त खटकतं, कारण ते खरं होतं. लाकडी पंखांचं हे जेट घाईघाईत तयार होऊन ६ डिसेंबर १९४४ला पहिल्यांदा उडालं. चारच दिवसांनी अधिकाऱ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात त्याच्या पंखाची पुढची कड सुटली आणि वैमानिक गॉटहोल्ड पेटर मारला गेला. आधीचा चांगला गोंद बनवणारा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला होता, आणि बदली गोंदातलं आम्ल लाकूडच खात होतं. व्हिएन्नाजवळच्या हिंटरब्र्यूल इथे जिप्समच्या जुन्या खाणीत या विमानाचे सांगाडे जुळवणारे मजूर होते छळछावणीतले कैदी.

सिम्युलेटरमध्ये मिळणारं हाइन्केल १६२ मात्र आराखड्याप्रमाणे निर्दोष. त्याचा वेग खरा, चढण्याचा दर खरा, आणि तरीही विमान खोटं. शेवटच्या वर्षातल्या जर्मन विमानांची खरी गोष्ट आराखडा आणि कारखाना यांच्यातल्या अंतराची आहे. नेमकं तेच अंतर खेळातून गळतं आणि उरते ती ‘जर्मन तंत्रज्ञान काळाच्या पुढे होतं’ ही दंतकथा. प्रत्येक उड्डाणाला पंखाची मजबुती थोडी वेगळी ठेवणं आणि ती खेळाडूला न सांगणं, यात प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने अवघड काही नाही. तसं केलं, तर हे विमान यादीत असायला माझी हरकत नाही.

माझ्या मते विचारायला हवं ते एवढंच: हे विमान काढून टाकलं तर एखाद्या लढाईचं आकाश समजायचं राहून जातं का?

युगोस्लाव्हियाचं रोगोझार्स्की आयके-३ घ्या. एका नमुन्यानंतर फक्त बारा बनली. ६ एप्रिल १९४१ला जर्मनीने बेलग्रेडवर बॉम्बफेक सुरू केली, तेव्हा त्यातली सहाच उडण्याच्या स्थितीत होती. त्याच रेजिमेंटमध्ये युगोस्लाव्हियाने जर्मनीकडूनच विकत घेतलेली मेसरश्मिट १०९ होती. म्हणजे शहरावरच्या आकाशात दोन्ही बाजूंना एकच विमान, आणि मधे ही मूठभर देशी बनावटीची. समोरून येणारा आपला की परका, हे क्षणात ओळखायचं. काही दिवसांनी उरलेली आयके-३ शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्याच लोकांनी जाळली. बारा ही संख्या इथे महत्त्वाची आहे, कारण लढाईचा निकाल तिच्यात दिसतो. केवळ कमी बनली म्हणून नव्हे.

दुसरं नाव आहे व्हल्टी व्हेन्जन्स. हे साधारण एकोणीसशे बनलं, म्हणून मोजणाऱ्यांच्या लेखी दुर्मिळ नाहीच. पण अमेरिकेत बनलेलं हे विमान अमेरिकेने स्वतः लढाईत वापरलं नाही. ते लढलं ब्रह्मदेश आणि न्यू गिनीच्या आघाड्यांवर. १९४४च्या आराकान आणि इंफाळच्या लढायांत ब्रिटिशांसोबत भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ते उडवलं. जवळजवळ सरळ खाली सूर मारता यावा म्हणून त्याचे पंख शून्य कोनात बसवले होते. परिणाम असा की सपाट उडतानाही नाक वर राहायचं आणि वैमानिकाला समोरचं नीट दिसायचं नाही. सूर मारला की मात्र तेच विमान एकदम शहाणं होई. उड्डाणभर गैरसोय सोसायची आणि शेवटच्या काही सेकंदांत ती वसूल करायची, हा स्वभाव वाचून जितका कळतो त्याहून जास्त स्टिक हातात घेतल्यावर कळेल. सिम्युलेटर हे माध्यम असतं ते यासाठीच.

यावर नेहमीचं उत्तर येतं, खेळ म्हणजे संग्रहालय नव्हे. लोकांना जेट हवं असतं, गोताखोर बॉम्बर नाही. विक्रीचा मुद्दा मला मान्य आहे. पण एक विमान नीट करायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे यादीतलं प्रत्येक नाव दुसऱ्या एखाद्याच्या जागी आलेलं असतं. माझ्या पिढीतल्या अनेकांना दुसरं महायुद्ध पुस्तकांआधी स्क्रीनवर भेटलं. त्यांच्यासाठी ही यादीच इतिहासाची अनुक्रमणिका ठरते. तीत कधीच न उडालेल्या लेर्खेला जागा असेल आणि इंफाळवर रोज उडणाऱ्यांना नसेल, तर इंफाळच्या आकाशात कोण होतं हा प्रश्नच त्या खेळाडूला पडणार नाही.