पालथ्या बादलीवरचा मुलगा: ‘ऊर वुली’ आणि ‘द ब्रून्स’



मुंबईकरांना स्कॉटिश माणूस तसा नवा नाही. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी, आणि एल्फिन्स्टनही स्कॉटिशच. पण आपल्याला दिसला तो शाळा काढणारा, राज्य करणारा, चर्चमधला स्कॉटिश माणूस. तो घरी बनियनवर बसून काय बोलतो, बायकोला कसा घाबरतो, हे काही आपल्या वाट्याला आलं नाही. बाकी राहिलं ते पर्यटनखात्याचं स्कॉटलंड. म्हणजे किल्ट, बॅगपाइप, धुक्यातला किल्ला आणि व्हिस्कीची बाटली. आज आम्ही या दोन्हींच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहोत, आणि त्यासाठी दोन वर्तमानपत्री चित्रमालिका घेतल्या आहेत. विषय हलका वाटेल. वाटू द्या.

8 मार्च 1936 च्या रविवारी ‘द संडे पोस्ट’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत दोन मालिका एकदमच सुरू झाल्या. एक ‘ऊर वुली’, दुसरी ‘द ब्रून्स’. कल्पना आणि लेखन आर. डी. लो यांचं, चित्रं डडली वॉटकिन्स यांची, आणि प्रकाशक डंडी शहरातली डी. सी. थॉमसन ही कंपनी. दोन्ही मालिका आजही चालू आहेत. 1939-40 पासून त्यांची पुस्तकंही निघू लागली, एका वर्षी ब्रून्सचं तर पुढच्या वर्षी वुलीचं. नाताळला घरात ते पुस्तक यायचं आणि आजोबा-नातवांत पहिलं कोण वाचणार यावरून ओढाताण व्हायची, असं सांगणारे स्कॉटिश लोक जगभर भेटतात.

वुली म्हणजे विल्यम. ताठ उभे केस, काळी डांगरी, आणि बसायला पालथी बादली. पहिल्या चौकटीत तो बादलीवर बसलेला असतो, मधे उचापती होतात, शेवटी पुन्हा बादलीवर. ब्रून कुटुंब टेनेमेंटमध्ये राहतं, 10 ग्लीब स्ट्रीट. टेनेमेंट म्हणजे दगडी, तीन-चार मजली, सामाईक जिन्याची इमारत. चाळ म्हटलं तर अगदी बरोबर नाही, पण जिना धुण्याची पाळी कोणाची यावरून जिथे भांडण होतं ते घर आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आई-वडील म्हणजे मॉ आणि पॉ, आठ मुलं, आणि वर वेगळे राहूनही सतत इथेच असणारे आजोबा. सगळ्यात धाकटीला नावच नाही. ती नुसती ‘द बेर्न’, म्हणजे बाळ.

आता शीर्षकाकडे जरा नीट बघा. ‘ऊर’ म्हणजे ‘आमचा’. मराठीत ऊर भरून येतो तो वेगळा, पण योगायोग बरा आहे. स्कॉटलंडमध्ये घरातल्या मुलाचा उल्लेख करताना नावाआधी ‘आमचा’ लावण्याची रीत आहे, जशी आपली आई शेजारणीला ‘आमचा बाळ्या’ म्हणते. त्यात कौतुक असतं आणि तक्रारही. मालिकेने पहिल्या शब्दातच वाचकाला वुलीचा नातेवाईक करून टाकलं. ‘ब्रून’ हे तर ‘ब्राउन’ आडनाव; फक्त स्कॉटिश तोंडाला ऐकू येतं तसं लिहिलेलं.

आणि इथेच खरी गोष्ट आहे. 1872 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि शाळेची भाषा राहिली इंग्रजी. घरची भाषा स्कॉट्स. ती इंग्रजीची बहीण, पण मास्तरांच्या लेखी बिघडलेली इंग्रजी. वर्गात ती तोंडातून गेली की मूल ‘नीट बोल’ असं ऐकायचं, आणि कित्येकदा हातावर कातडी पट्टा घ्यायचं. त्या पट्ट्याला लोक ‘लॉखगेली’ म्हणत, तो बनवणाऱ्या गावाच्या नावावरून. सरकारी शाळांतून तो गेला 1987 मध्ये. म्हणजे काय होत होतं बघा. सोमवार ते शुक्रवार ज्या शब्दांसाठी हात पुढे करावा लागायचा, तेच शब्द रविवारी छापून यायचे, आणि घरातली मोठी माणसं ते मोठ्याने वाचून हसायची. ‘जिंग्ज!’ ‘क्रिव्हन्स!’ ही वुलीची उद्गारवाचकं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिली.

त्याच सुमारास साहित्यातही स्कॉट्सला उभं करण्याचा मोठा प्रयत्न चालू होता. ह्यू मॅकडर्मिड यांचं स्कॉट्समधलं दीर्घकाव्य 1926 सालचं. ते थोर आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण कोळशाच्या खाणीतून आलेल्या माणसाच्या हातात रविवारी ते नव्हतं, त्याच्या हातात ब्रून्स होते. छापलेली स्कॉट्स नियमाने डोळ्यांखालून जाण्याची अनेकांना ही एकच जागा होती. ही भाषा नेमकी कुठल्याच गावची नाही, सगळीकडची थोडी थोडी आहे, अशी तक्रार करता येते. ती खरी आहे. छापील बोली बहुतेक अशीच होते.

गंमत म्हणजे हे सगळं काढणारे वॉटकिन्स स्कॉटिश नव्हतेच. जन्म मँचेस्टरचा, वाढले नॉटिंगहॅमला, 1925 मध्ये नोकरीसाठी डंडीला आले ते तिथलेच झाले. बाहेरून आलेल्या माणसाची नजर त्यांच्या चित्रांत दिसते. किल्ट क्वचित, सणासुदीला. त्याऐवजी चुलीवरची किटली, दोरीवरचे कपडे, खिमा आणि बटाट्यांचं ताट, फडक्यात बांधून उकडलेलं क्लूटी डंपलिंग, आणि नववर्षाच्या रात्री बारानंतर कोळशाचा तुकडा घेऊन उंबरा ओलांडणारा पहिला पाहुणा. माणसाला अभिमान वाटतो तो बहुधा असल्या गोष्टींचा. किल्ला राजाचा असतो, किटली आपली.

पण कौतुक करून आम्ही थांबलो तर ती समीक्षा नव्हे.

स्कॉटलंडमधल्या शहाण्या माणसांनी या मालिकांवर आणि विशेषतः त्या वृत्तपत्रावर कडक टीका केली आहे. टॉम नेर्न या विचारवंताने साठच्या दशकात ‘संडे पोस्ट’ला पाद्र्यांच्या जोडीला बसवलं, या दोघांपासून सुटका झाल्याशिवाय देशाचा पुनर्जन्म नाही, असा त्याचा रोख होता. आरोपात तथ्य आहे. 1926 च्या सार्वत्रिक संपानंतर थॉमसन कंपनीने कामगार संघटना दारात उभ्या केल्या नाहीत, आणि ब्रून्सच्या घरातही संप कधी शिरत नाही. पॉ कामावर जातो, पण मालक दिसत नाही. आयरिश वंशाचे कॅथलिक शेजारी त्या जुन्या जिन्यावर भेटत नाहीत. ‘आमचा’ म्हणताना कोण कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आम्हाला त्याहून खटकते ती डॅफ्नी. मोठ्या दोन मुलींपैकी मॅगी देखणी, डॅफ्नी जाड. कित्येक दशकं तिच्या रूपावर विनोद झाले. आणि मॉ? ती सतत स्वयंपाकघरात. घरातली सगळ्यात शहाणी व्यक्ती तीच, हे मान्य. पण तिच्या शहाणपणाची फी म्हणून तिला चुलीजवळच उभं केलंय. 2007 मध्ये ‘मॉ ब्रून्स कुकबुक’ आलं आणि धडाक्यात खपलं. पिढीजात वहीसारखं सजवलेलं, छापलेल्या डागांसकट! कधीच न सांडलेल्या रश्श्याचे डाग विकत घ्यायचे, इथवर ही माया आली की आम्ही जरा सावध होतो.

याला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं ते एका कवयित्रीने. जॅकी के. जन्म 1961 चा, एडिनबरा. वडील नायजेरियन, आई स्कॉटिश, आणि वाढली ग्लासगोजवळच्या गोऱ्या दत्तक आई-वडिलांकडे. पुढे 2016 ते 2021 ती स्कॉटलंडची राष्ट्रीय कवी होती. हिने मॉ ब्रूनला उचललं आणि थेट थेरपिस्टकडे नेलं! तिच्या कवितांत मॉ स्वतःबद्दल बोलते, त्याच ठसठशीत स्कॉट्समध्ये. नवरा, शरीर, कंटाळा, सगळं. 2009 मध्ये त्यांतून ‘द मॉ ब्रून मोनोलॉग्ज’ हा रंगमंचीय प्रयोग झाला. मॉला तिने टाकून दिलं नाही, टिंगलही केली नाही. ज्या ‘आमच्या’त आपल्यासारखं कोणी चित्रित झालं नव्हतं, त्यावर तिने घरच्या मुलीच्या हक्काने हात ठेवला. नेर्न यांचा राग आम्हाला पटतो, पण के यांचं वाचन आम्हाला जास्त खोल वाटतं. राग बाहेरून दार ठोठावतो. ही बाई आत जाऊन मॉच्या शेजारी बसली.

अनुवादाबद्दल दोन शब्द, कारण आम्ही प्रयत्न करून हरलो आहोत. वुलीला प्रमाण मराठीत बोलायला लावलं तर मास्तरांचा पट्टा जिंकला. मालवणीत घातलं तर तो वेंगुर्ल्याचा होतो, मग बादलीखाली डंडी उरत नाही. ‘बट अँड बेन’ हा साधा शब्द घ्या. ब्रून्स सुट्टीला जातात ते दोन खोल्यांचं खेड्यातलं घर. ‘बट’ बाहेरची, ‘बेन’ आतली खोली. आम्ही ‘पडवी-माजघर’ लिहिलं, खोडलं. अजून तसंच आहे.

वॉटकिन्स 20 ऑगस्ट 1969 ला गेले. कंपनीने लगेच दुसरा चित्रकार न आणता कित्येक वर्षं त्यांचीच जुनी चित्रं पुन्हा छापली, आणि वाचकांनी ती पुन्हा वाचली. 2019 च्या उन्हाळ्यात पाच शहरांत बादलीवरच्या वुलीचे दोनशेहून अधिक रंगवलेले पुतळे उभे राहिले, मुलांच्या इस्पितळांसाठी पैसे जमवायला. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्कॉट्सबद्दल विचारलं, तेव्हा पंधरा लाखांवर लोकांनी आपण ती बोलतो असं सांगितलं. 2025 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. याचं श्रेय वुलीला द्यावं एवढे आम्ही भाबडे नाही. मात्र शाळेने जे हातावर मारलं ते रविवारी कोणीतरी छापत राहिलं, हे नोंदवून ठेवायला हवं.

आता मागचे दिवे जरा मालवा. चार पानं पडद्यावर दाखवतो. हसायचं तिथे हसा, पण डॅफ्नी कुठे उभी आहे तिकडे लक्ष असू द्या.