अय्यावोळेचे पाचशे : ‘कंपनी’ म्हणण्याआधी

वारसाप्रेमींच्या लेखनात हल्ली एक वाक्य फार फिरतं : अय्यावोळेचे पाचशे म्हणजे आपली पहिली मल्टिनॅशनल कंपनी. मीही एका व्याख्यानात ते ठोकून दिलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. नंतर लेखांची वाचनं समोर घेऊन बसलो तेव्हा ओशाळलो. म्हणून ही टीका आधी माझ्यावर, मग इतरांवर.

अय्यावोळे म्हणजे आपलं ऐहोळे, आजच्या बागलकोट जिल्ह्यातलं. तिथलं नाव लावणारे हे व्यापारी कन्नड लेखांत ‘अय्यावोळे ऐनूर्वरु’, तमिळमध्ये ‘ऐन्नूऱ्ऱुवर’, आणि कित्येकदा नुसते ‘नानादेशी’. सुमात्रा बेटावरच्या बारूसजवळ लोबू तुआ इथे 1088 सालचा त्यांचा तमिळ लेख सापडला. ब्रह्मदेशात पगानला तेराव्या शतकात नानादेशींच्या नावाचं विष्णुमंदिर होतं. एवढा पसारा पाहिला की ‘कंपनी’ शब्द तोंडात येतोच. पण कंपनी म्हटलं की एक भांडवल, एक हिशेब, वर बसलेला कुणी मालक किंवा संचालक. यातलं एकही या लेखांत दिसत नाही. दिसतं ते असं : एखाद्या पेठेत तिथले आणि बाहेरचे व्यापारी जमतात, पाचशेंचं नाव आणि बिरुदं लावतात, आणि त्या पेठेपुरता ठराव करतात. नाव सामाईक, निर्णय गावचा. ‘पाचशे’ हीसुद्धा डोकी मोजून काढलेली संख्या नव्हे.

‘श्रेणी’ म्हणणंही मला पटत नाही, आणि मराठी लेखनात ही गल्लत सर्रास होते. श्रेणी कशी असते ते नाशिकच्या लेण्यांत स्वच्छ दिसतं. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, दुसरीकडे 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंची सोय. म्हणजे एक धंदा, एक गाव, आणि लोकांचा पैसा सांभाळण्याइतकी पत. पाचशेंचं सगळंच उलट : धंदे अनेक, पाय सतत वाटेवर. दोघांना एकाच शब्दात कोंबलं की दोघंही कळेनासे होतात.

खरी चूक मात्र प्रशस्ती वाचण्यात होते. या लेखांच्या सुरुवातीला लांबलचक स्तुती असते. ते शूर आहेत, खुष्कीच्या आणि पाण्याच्या वाटांनी देशोदेशी जातात, हत्ती-घोडे, रत्नं, कापूर, कस्तुरी विकतात. वीरबणंज-धर्माचे ते रक्षक. हे वाचायला झकास आहे आणि आमच्यासारखे लोक नेमकं तेवढंच उचलतात. पण हा मजकूर थोड्याफार फरकाने गावोगावी येतो. तो व्यापाऱ्यांचा स्वतःविषयीचा डौल आहे, मालाची यादी नव्हे. माल कळतो तो पुढे, दानाच्या भागात : विड्याच्या पानांवर किती, सुपारीवर किती, धान्यावर किती असं बारीकसारीक. तिथे भाषा एकदम बाजारी होते आणि लेखकांचा रस संपतो. माझाही संपला होता.

मीरा अब्राहम यांचं 1988 सालचं इंग्रजी पुस्तक याला चांगला उतारा आहे. त्यांनी अय्यावोळे आणि मणिग्रामम् या दोन संघटना शेजारी ठेवून तपासल्या. तुलना हाती असली की सरसकट विधान करताना हात आपोआप आखडतो. मराठीत वा. वि. मिराशींच्या शिलाहारांवरील ग्रंथातले कोल्हापूर-मिरजेचे लेख काढून बघा. वीरबणंज तिथेही भेटतात. बणजिग हा शब्द तर आपल्या भागात आजही घरोघरी कानावर पडतो.

आणि आता बेळगाव. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळचे 1204 सालचे दोन लेख वेणुग्रामचे, म्हणजे आपल्याच गावचे. बार्नेट यांनी ते एपिग्राफिया इंडिकात छापले. त्यात जिनालयाला दान देणाऱ्यांत लाळ, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलयाळी व्यापारी आहेत. गुजरातचा आणि केरळचा माणूस बेळगावच्या पेठेत एका ठरावाला बसतो, ही गोष्ट मला सुमात्रापेक्षा मोठी वाटते. तरी आमच्या मंडळाच्या टिपणांत तिला दोन ओळी मिळाल्या. कारण उघड बोलायला हवं : लेख हळेकन्नडमध्ये आहे. सीमाभागात वाढलेल्या आम्हा मराठी माणसांना कन्नड लेख म्हटलं की तो ‘त्यांच्या’ बाजूचा पुरावा वाटतो आणि पान उलटलं जातं. पलीकडचे मित्र मिरजेच्या लेखाशी असंच वागतात का, ते त्यांनी सांगावं. पण त्या ठरावाला बसलेल्यांपैकी कुणालाच आजच्या वादाची खबर नव्हती.

मागच्या हिवाळ्यात किल्ल्यात कमळ बस्ती दाखवायला मी तीसेक जणांना घेऊन गेलो होतो. हे लेख सहसा याच परिसराशी जोडले जातात. छताच्या कमळावर मी पंधरा मिनिटं बोललो. एका काकूंनी विचारलं, “शिलालेख कुठाय?” म्हटलं, “लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये.” सगळे हळहळले. त्यात लिहिलंय काय, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.