मूकपटांतील पोरकी मुले

भारतात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. पूर्ण वा तुटक स्वरूपात आज जेमतेम तीसेक उरले आहेत. त्यांतील दोहोंत पोरके मूल कथेच्या केंद्रस्थानी आहे: फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘शिराझ’ (१९२८) आणि जी. पी. पवार यांचा ‘दिलेर जिगर’ (१९३१). दुसऱ्याचा दिग्दर्शक मराठी, नाव मात्र अस्सल उर्दू. त्यातला राजपुत्र कसरतीचे खेळ करत वाढतो, ‘शिराझ’मधली सलीमा कुंभाराच्या घरी. त्यांचे कूळ प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यांना नसते; गहिवर येतो तो इथे. धार संस्थानाची गादी १८५७ साली अल्पवयीन वारसाकडे गेली होती, तेव्हा वारसाचे मोल माळव्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसते. पण हीच या पटांची मर्यादाही आहे. ताईताने सलीमाचे कूळ सिद्ध होते, तेव्हाच शहजादा तिच्याशी निकाह लावू शकतो. चॅप्लिनच्या ‘द किड’मध्ये (१९२१) टाकून दिलेल्या मुलाला पोटाशी धरताना असा दाखला कोणी मागत नाही. ‘शिराझ’ची खरी करुणा सलीमेत नाहीच. तिच्यासोबत वाढलेला, तिच्या मागोमाग आग्र्यापर्यंत आलेला कुंभारपुत्र शिराझ शेवटी आंधळा होतो, आणि तिच्या मकबऱ्याचा आराखडा त्याचाच असतो.