टायलरचा निबंध आणि गाल्टनची शंका

दोन गोष्टी वारंवार एकत्र सांपडल्या म्हणजे त्यांतील एक कारण व दुसरी कार्य असें ठरविण्याचा मोह संशोधकास आवरत नाहीं. या मोहाचें फार बोधप्रद उदाहरण एडवर्ड बर्नेट टायलर याच्या एका निबंधांत मिळतें. विवाह व वंशगणना यांचे निर्बंध हा त्याचा विषय. लंडन येथील मानवशास्त्र-संस्थेपुढें तो ता. १३ नोव्हेंबर १८८८ रोजीं वाचला गेला. विषय परका खरा. परंतु त्यांतील दोष आपल्या पोथ्यांच्या कामांतही नित्य घडतो, म्हणून त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

टायलरनें सुमारें ३५० समाजांच्या चालीरीतींचीं कोष्टकें केलीं. त्यांतील एक पाहूं. कांहीं समाजांत जांवई व सासरचीं माणसें एकमेकांचें तोंड पाहात नाहींत, बोलत नाहींत. जांवई कायमचा सासरीं राहतो असे समाज ६५. केवळ योगायोग असता तर त्यांपैकीं सुमारें ९ ठिकाणीं ही चाल आढळावयाची. ती आढळली १४ ठिकाणीं. उलट, लग्न होतांच वधूस आपल्या घरीं नेणारे समाज १४१. तेथें १८ ची अपेक्षा, आणि आढळ ९ चाच. यावरून टायलर म्हणतो कीं, सासरीं राहणें व तोंड टाळणें यांचा संबंध काकतालीय नव्हे. परक्या घरीं राहावयास आलेल्या पुरुषास घरच्यांनीं परका म्हणूनच वागविलें, असा त्याचा उलगडा आहे.

या पद्धतीचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. आपल्या मतास जुळतील तेवढींच उदाहरणें वेंचून मांडण्याची सोपी वाट टायलरनें सोडली. त्यानें अन्वयाबरोबर व्यतिरेकही मोजला, आणि नुसत्या योगायोगानें किती जुळलें असतें हें आधीं काढून प्रत्यक्ष संख्या तिच्याशीं ताडली. आपल्यापैकीं किती जण इतकें करतात?

परंतु दोन प्रश्न उरतात. पहिला, कारण कोणतें हा. जीमध्यें फरक झाला असतां दुसरींत फरक पडतो त्या गोष्टीस स्वतंत्र चल व दुसरीस परतंत्र चल म्हणतात. टायलरच्या मांडणींत निवासाची रीत स्वतंत्र, तोंड टाळण्याची परतंत्र. हें नातें मात्र कोष्टकांत नाहीं. तोंड टाळणारे समाज एकंदर ४५. आतां ६५ पैकीं १४ म्हणा कीं ४५ पैकीं १४ म्हणा, संख्या तीच. सहसंबंध दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. कार्यकारणभावास दिशा असते. ती दिशा टायलरनें आपल्या उलगड्यांतून आणली आहे, मोजणींतून नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. त्या सभेचा अध्यक्ष फ्रान्सिस गाल्टन यानें तो तेथेंच काढला. हे समाज एकमेकांपासून कितपत स्वतंत्र आहेत? अनेकांनीं ती चाल एकाच मुळापासून घेतली असल्यास ते एका मूळ प्रतीच्या नकलांसारखे होत. त्यांस निरनिराळे साक्षी कसे धरावे? नकलांचा हा दृष्टांत गाल्टनचाच आहे. येथें ‘स्वतंत्र’ शब्दाचा अर्थ पालटतो, हें ध्यानांत ठेवावें. मघाशीं प्रश्न चलाच्या स्वातंत्र्याचा होता. हा साक्षींच्या स्वातंत्र्याचा आहे. पुढच्याच महिन्यांत, ता. २० डिसेंबर रोजीं, रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत गाल्टननें माणसाची उंची व कोपरापासूनच्या हाताची लांबी यांचा सहसंबंध मोजला, आणि अशा संबंधाचें मूळ दोहोंस समान असलेल्या कारणांत दाखविलें.

नैयायिकांस ही शंका नवी वाटणार नाहीं. मित्रेचे पाहिलेले सर्व पुत्र सांवळे, म्हणून न पाहिलेलाही सांवळाच, या अनुमानांत त्यांनीं उपाधि दाखविला तो मातेच्या गर्भकाळांतील भाजीपाल्याच्या आहाराचा. मित्रेचे पुत्र कितीही मोजले तरी ते एकाच मातेचे. संख्येनें तो उपाधि दूर होत नाहीं.

आतां माझीच चूक सांगतों. एका लहान स्तोत्राच्या पांच पोथ्या ताडतांना चार एका पाठावर व पांचवी दुसऱ्यावर, असें दिसतांच मीं चारींचा पाठ मूळ म्हणून स्वीकारला. पुढें लक्षांत आलें कीं, त्या चारींत एकाच ठिकाणीं अर्धा श्लोक गळालेला आहे. चार लेखकांची दृष्टि एकाच जागीं आपोआप चुकणें दुर्घट. तेव्हां चारींची मूळ प्रत एकच. म्हणजे साक्षी पांच नव्हते, दोनच होते. आणि चाराविरुद्ध एक म्हणून टाकलेला पाठ बरोबरीच्या मानाचा ठरला. १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तींत सुखठणकरांनीं परस्परांपासून बहुतांशीं स्वतंत्र अशा परंपरांच्या एकवाक्यतेस महत्त्व दिलें, तें याच कारणानें.

टायलरचा निबंध यामुळें टाकाऊ ठरत नाहीं. गाल्टनच्या शंकेचा परिणाम कमी व्हावा म्हणून मर्डॉक व व्हाइट यांनीं १९६९ सालीं परस्परांपासून शक्य तितके दूरचे १८६ समाज निवडले. म्हणजे मोजणी सोडली नाहीं, मोजण्यापूर्वीं कुळी पाहिली. आपणही पोथ्यांची याद करतांना प्रत्येक पोथीपुढें तिची संख्या लिहितों. तिच्याच शेजारीं ती कोणत्या पोथीवरून उतरली हें, कळत असेल तेथें, लिहावें. तेवढ्यानें पुष्कळ ‘बहुमतें’ आपोआप गळून पडतील.